शनीचं कडं

प्लंबर सांडू माळ्यावरून खाली वाकून म्हणाला, "बाई, हा पाईप लई जाड हाय. गच्चीवरच्या टाकीला कामी येईल. कापू का?"

सुलेखा हिवराळे खाली शिडी धरून उभी होती. तिनं वर पाहिलं. सांडूच्या हातात चार फुटांची पांढरी नळी होती, एका तोंडाला जुना टॉवेल बांधलेला, आणि दुसऱ्या तोंडाजवळ कुशीत एक छोटं नळकांडं बसवलेलं.

"कापू नको," ती अशा काही आवाजात म्हणाली, की स्वयंपाकघरातून तिचे यजमान उत्तमराव चहाचा कप तसाच हातात घेऊन बाहेर आले.

"काय झालं? पाल आहे का?"

"पाल नाही. माझी दुर्बीण आहे."

"अगं, ती अजून आहे?" उत्तमरावांनी विचारलं. एखाद्या दूरच्या आत्याबद्दल विचारावं तसं.

सांडूनं नळीला डोळा लावून पाहिलं. "दुर्बिणीला काचा लागत्यात ना बाई? ह्यात तर टॉवेलच दिसतोय."

"काच नाही, आरसा आहे. टॉवेलाच्या आत. हळू दे खाली."

त्या दुर्बिणीची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, आणि सगळे ती विसरूनही गेले होते. सुलेखा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना शहरातल्या हौशी मंडळींनी आरसे घासायचं शिबिर भरवलं होतं. एका पिंपावर एक जाड गोल काच पक्की करायची, तिच्यावर दुसरी तेवढीच काच ठेवायची, मधे वाळूसारखी कुरकुरीत पूड आणि पाणी. मग पिंपाभोवती गोल गोल फिरत वरची काच घासत राहायचं. आठवडेच्या आठवडे. हळूहळू वरची काच बशीसारखी खोलगट होते. खोल म्हणजे तरी किती, नखाच्या जाडीएवढी. पण तेवढ्या खोलीत आकाश गोळा होतं.

शिबिराला सुरुवातीला जत्रा होती. दंड दुखायला लागल्यावर मंडळी पांगली. टिकलेल्यांत एक सुलेखा आणि दुसरा शहागंजातल्या चष्मेवाल्यांचा मुलगा हैदर. हैदरच्या काचेला शेवटच्या पॉलिशला भलामोठा चरा गेला. ती पुढं त्याच्या दुकानाच्या भिंतीवर लागली आणि गिऱ्हाइकांना त्यांच्या भुवया मोठ्या करून दाखवू लागली. सुलेखाचा आरसा मात्र जमला. जमला असं तेव्हा सगळे म्हणाले.

लग्नात तिच्या आईनं रुखवतात ती दुर्बीणच मांडली. क्रोशाचे रुमाल, मोत्यांचं तोरण, शंकरपाळ्यांचा मनोरा आणि मधोमध ही पांढरी नळी. नवऱ्याकडच्या एका आजोबांनी ती निरखून पाहिली आणि व्याह्यांना विचारलं, "मुलगी बोअरसकट देताय काय?"

पुढं उत्तमरावांची बदली खुलताबादला झाली. डोंगरावरचं गाव, क्वार्टरचं अंगण, वर काळंभोर आभाळ. तिथं सुलेखानं चार वर्षांच्या सम्यकला कडेवर घेऊन शनी दाखवला होता. त्या वर्षी शनीची कडी चांगली ऐसपैस उघडलेली होती, रुंद काठाच्या टोपीसारखी. सम्यक म्हणाला होता, "मम्मी, त्याला ऊन लागतं का?" ते घरात अजून सांगतात. मग शहरात बदली, सम्यकची शाळा, सासूबाईंचं आजारपण, चिकलठाण्याजवळचा हा फ्लॅट. दुर्बीण माळ्यावर चढली ती चढलीच.

टॉवेल सोडला तेव्हा आरशाचं तोंड जुन्या पितळी पातेल्यासारखं काळवंडलेलं निघालं. एवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या वच्छलाबाई दारात आल्याच. सांडू कुणाकडंही कामाला आला, की आपलाही एक नळ बघून जावा म्हणून त्या यायच्या. वच्छलाबाई सिल्लोडकडच्या, साठी कधीच उलटलेली, पण गोधडीचा टाका असा घालायच्या की उलटी बाजू कोणती ते ओळखू येऊ नये. सुई स्वतः ओवायच्या, तीही चष्म्याशिवाय.

त्यांनी आरशाकडं पाहिलं आणि निदान केलं. "ह्याला कल्हई लागंल."

शब्द तोच राहिला. पुण्यात नोकरीला असलेला सम्यक सुट्टीत घरी आला, तो जाताना आरसा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन गेला, आणि तिकडं एका ठिकाणी त्यावर नवा चकाकता थर चढवून आणला. फोनवर आधी म्हणाला, "मम्मी, त्याला कल्हई म्हणत नाहीत, अॅल्युमिनायझिंग म्हणतात." परत आला तेव्हा तोही म्हणत होता, "कल्हई मस्त झालीय."

आरशाबरोबर त्यानं एक पेटीही आणली. पेटीत काळ्या फोमच्या खाचांत एकेक वस्तू निजवलेली. दुर्बिणीला डोळा लावायचं भिंग, म्हणजे आयपीस, चार मिलिमीटरचं; मिलिमीटर जितके कमी, तितकं चित्र मोठं. त्याची ताकद दुप्पट करणारं बार्लो भिंग. लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या काचा. फोन अडकवायचा चिमटा. आणि एक हिरवा लेझर.

"आता सगळे हेच घेतात," सम्यक म्हणाला. "या लेझरनं तारा बोट लावून दाखवल्यासारखा दाखवता येतो."

"गच्चीवरून धावपट्टी दिसते बाळा. पायलटच्या डोळ्यात गेला तर पोलिस आपल्याला दिवसा तारे दाखवतील."

लेझर त्यानं गुपचूप बॅगेत टाकला. बाकीची पेटी सुलेखानं कपाटात ठेवली, दिवसातून दोनदा उघडून पाहिली, आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या बैठकीत तोंडातून शब्द निघून गेला. बैठक कोजागिरीच्या दुधाची होती. केशर किती, पेले कुणाचे, असं चाललं होतं. सुलेखा म्हणाली, "यंदा मी सगळ्यांना शनी दाखवते. कडीसकट."

सेक्रेटरींनी मान वर केली. "दूध असताना कढी कशाला?"

"कढी नाही हो, कडी. शनीभोवतीची."

सगळे हसले, टाळ्या झाल्या, आणि ग्रुपवर संध्याकाळपर्यंत शनीची चार रंगीत चित्रं येऊन पडली. एकट्या वच्छलाबाई हसल्या नाहीत. जिन्यात त्यांनी सुलेखाला गाठलं.

"सुलेखाताई, ज्याला आपण तेल वाहून लांब ठेवतो, त्याला तुम्ही नळीतनं जवळ बोलावता व्हय?"

"काकू, तो आहे तिथंच असतो. आपणच नीट बघतो फक्त."

"तेच म्हणते. माझी मीन रास. साडेसातीची मधली अडीचकी चालू हाय. गुडघा गेला, मिक्सर जळाला, सुनबाईची बदली नांदेडला झाली. आता आनखी त्याच्या नजरेला नजर देऊ? देवळात बी आम्ही त्याच्या समोर उभं राहत नाय. बाजूला उभं राहून हात जोडतो."

सुलेखाच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडं, धम्म घेताना रास-पत्रिका उंबऱ्याबाहेर राहिल्या होत्या. आपली रास कोणती हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. पण वाद घालून कुणाच्या मनातला शनी हलत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. "तुम्ही दूध घ्या, शनी राहू द्या," ती म्हणाली.

सप्टेंबरमध्ये पावसानं आभाळ सोडलंच नाही. एका संध्याकाळी मात्र पूर्वेकडं खिडकीएवढी फट पडली आणि तिच्यात शनी. सुलेखानं दुर्बीण गच्चीवर नेली, वाकून डोळा लावला. पिवळसर ठिपका दिसला. कडी नाही.

तिनं पेटी आणली. चार मिलिमीटरचं भिंग लावलं. ठिपका मोठा झाला आणि विरघळला. बार्लो लावलं, तर अख्ख्या नळीत पिवळं धुकं. मग रंगीत काचा एकेक करून लावून पाहिल्या. उत्तमराव मागं उभे होते, त्यांनाही दाखवलं.

"लाडू दिसतोय," ते म्हणाले.

"कडी?"

"कडी नाही. पण लाडू निळा होतो, हिरवा होतो. रंग भरपूर मिळाले."

सुलेखा हसली नाही. कंबर धरत सरळ झाली. कल्हई नीट झाली नसेल, किंवा आपले डोळे गेले असतील, असं तिनं मनाशी म्हणून पाहिलं. तिसरंही एक कारण होतं, ते ती मनातसुद्धा उच्चारेना. तो आरसा मुळातच चांगला नसेल तर? त्या वयात सगळे कौतुक करतात, आपण खरं धरतो. सुलेखानं जन्मात पुष्कळ गोष्टी केल्या होत्या; स्वयंपाक, शिकवण्या, दुखणी काढणं, सगळं नीटच केलं होतं. पण ते सगळं करावं लागणारं होतं. कुणी न सांगता, स्वतःच्या हातानं, हट्टानं केलेली वस्तू तिच्याजवळ ही एकच होती. आणि ती रुखवतात मांडली गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती पेटी पिशवीत घालून शहागंजात गेली. हैदरचं दुकान होतं तिथंच होतं. भिंतीवर भुवयांचा आरसाही होता. हैदरची दाढी पांढरी झाली होती, तेवढाच काय तो फरक.

"या ताई, या. किती वर्षांनी. डोळे दाखवायचेत का सलाम करायला आलात?"

"दोन्ही. आधी डोळे."

हैदरनं तिला खुर्चीत बसवलं, अक्षरं वाचायला लावली, भिंगं बदलली, दिवा मारून आत डोकावला. "डोळे माशाल्ला माझ्याहून बरे आहेत. वाचायचा नंबर थोडा वाढलाय, तो तर वाढणारच. बात काय आहे?"

तिनं सगळं सांगितलं आणि पेटी उघडून समोर ठेवली. हैदरनं एकेक वस्तू बोटांवर तोलली, उजेडाकडं धरली, परत खाचेत ठेवली.

"सामान वाईट नाही. पण हे सगळे दागिने आहेत ताई. नवरीच्या पायात चप्पल नाही अन् आपण बाजूबंद घालतोय. मला सांगा, बघताना तुम्ही कशा उभ्या होता?"

"वाकून."

"मग काय दिसणार? कमर दुखत असेल तर डोळा हलतो. पैले स्टूल घ्या. वरखाली होणारं. आमच्या गल्लीत न्हाव्याकडं आहे तसं. तारे बाद में, कमर पैले." मग त्यानं खालच्या खणात हात घातला आणि जुन्या फिल्मच्या रोलची काळी डबी काढली. तिच्या बुडाला मधोमध बारीक भोक पाडलेलं होतं. "हे आठवतं?"

आठवलं. आयपीसच्या जागी ही डबी बसवायची आणि भोकातून पाहायचं. आतले दोन्ही आरसे एकमेकांसमोर सरळ असतील तर बांगडीत बांगडी, बांगडीत बांगडी दिसते, सगळ्या एका मध्यावर. नसतील तर मागचे तीन स्क्रू फिरवून बांगड्या जुळवायच्या. तिनं ते केलंच नव्हतं. आरसा पुण्याहून आला आणि तसाच नळीत बसला.

"हे चार मिलिमीटरचं ठेवून द्या," हैदर म्हणाला. "तुमचं जुनं पंचवीसचं चांगलं आहे. हे माझं दहाचं घेऊन जा, कोजागिरीपुरतं. रंगीत काचा पोरांना द्या खेळायला. टॉर्चला लाल पतंगाचा कागद लावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपणार नाहीत. झालं. याच्यावर काही नको." तो थांबला. "पण ताई, स्टूल नसलं, आरसे वाकडे असले, तरी शनीची कडी थोडीतरी दिसायला पाहिजे होती."

त्याची नजर नकळत भिंतीवरच्या भुवयांच्या आरशाकडं गेली. सुलेखाच्या ते लक्षात आलं.

"आरसा?"

"मी असं म्हणालो नाही."

"पण मनात आलं."

"आलं," हैदर म्हणाला. खोटं बोलणं त्याला तेव्हाही जमत नव्हतं.

घरी आली तरी भुवयांचा आरसाच तिच्या डोळ्यांपुढं होता. भाकरी टाकल्या, वाढलं, स्वतःही बसली. हातातून चमचा निसटून टेबलाखाली गेला म्हणून वाकली, आणि उठताना तिचे डोळे नेमके टेबलाच्या काठाशी आले. उत्तमरावांचं ताट दिसेनासं झालं होतं. ताटाच्या जागी एक चकाकती रेघ होती. रेघेच्या मधोमध डाळीची वाटी.

सुलेखा तशीच अर्धवट वाकून राहिली.

"काय गं, कंबर धरली का?" उत्तमरावांनी विचारलं.

"ताट आडवं झालंय."

"ताट आडवंच असतं. उभं केलं तर डाळ सांडेल."

"अहो, शनीचं." ती तिथूनच बोलत होती. "कडी म्हणजे ताटासारखी चपटी. आपण वरून-खालून बघतो तेव्हा रुंद दिसते. पण चौदा-पंधरा वर्षांनी एकदा तिची धारच आपल्याकडं येते. तेव्हा ती नुसती रेघ होते. पुस्तकात वाचलं होतं हो मी. पाठ होतं."

पाठ होतं, पण पाहिलं नव्हतं. मागं एकदा असं झालं तेव्हा ती नवी नवरी होती आणि संध्याकाळच्या वेळी गच्चीवर जायची सोय नव्हती. त्याच्या पुढच्या वेळी दुर्बीण माळ्यावर होती आणि सुलेखा सम्यकच्या मराठीच्या निबंधात. तिच्या मनात शनी कायम खुलताबादचाच राहिला होता, रुंद काठाची टोपी घातलेला.

तिनं जेवण अर्धं टाकून हैदरला फोन लावला. हैदर बराच वेळ हसत राहिला. "या अल्ला. आपण दोघं मिळून बिचाऱ्या आरशाला सुळावर देत होतो." मग गंभीर झाला. "पण ताई, एक सांगू? उघडी कडी तर कोणताही आरसा दाखवतो. माझ्या भुवयांच्या आरशानंही दाखवली असती. ही धार दाखवली, तर आरसा खरा."

म्हणजे शंका गेली नव्हती. उलट आता परीक्षाच ठरली. आणि आभाळ पुन्हा मिटलं. कोजागिरीपर्यंत शनीचं दर्शन झालं नाही. तेवढ्या दिवसांत सुलेखानं न्हाव्याकडल्यासारखं स्टूल मिळवलं, फिल्मच्या डबीतून पाहत बांगड्या एका मध्यावर आणल्या, टॉर्चला लाल पतंग चिकटवला. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र काही लिहिलं नाही. लिहिणार काय? कडीसकट म्हणाले होते, ते कडं आता आडवं झालंय?

कोजागिरीला आभाळ धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ निघालं. जालना रोडच्या दिव्यांवर चंद्र आला, आणि त्याच्या थोडासा वर, शांत पिवळा, शनी. पातेल्यात दूध आटत होतं, पोरं रंगीत काचा डोळ्यांना लावून निळा चंद्र, लाल चंद्र करत पळत होती. हैदर बायकोला घेऊन आला होता; त्याची बायको शाइस्ता आल्या आल्या दुधाच्या पातेल्यापाशी जाऊन बायकांत मिसळली. वच्छलाबाई टाकीच्या पलीकडं, शनीकडं पाठ करून बसल्या होत्या.

सुलेखा स्टुलावर बसली. पंचवीसच्या भिंगातून शनी मधोमध आणला, मग हैदरचं दहाचं लावलं. ठिपका थरथरत होता. गच्ची दिवसभर तापलेली, तिची ऊब वर जात होती.

रांग लागली. पहिला आला शिवम, तिसऱ्या मजल्यावरचा, कंपनीत कॉम्प्युटरचं काम करणारा. त्यानं डोळा लावला, काढला, परत लावला.

"काकू, रिंग कुठंय?"

"यंदा बारीक आहे."

शिवमनं फोन काढून तिला चित्र दाखवलं. "हे बघा, अशी पाहिजे. आरसा जुना झाला असेल तुमचा. तीस वर्षं म्हणजे काय कमी झाली?"

त्याच्या मनात काही नव्हतं. पण सुलेखाला ते गालावर बसल्यासारखं लागलं. मागच्यांनीही पाहिलं. कुणी म्हणालं बटाटा, कुणी म्हणालं हरभरा. सेक्रेटरी म्हणाले, "छान आहे, छान आहे," आणि दुधाकडं गेले.

जरा गर्दी पांगल्यावर सुलेखा पुन्हा बसली. शनी आता चांगला वर आला होता, हवाही निवली होती. ओढणी डोक्यावरून पुढं ओढून तिनं चंद्राचा उजेड अडवला आणि श्वास धरला. एक क्षण ठिपका स्थिर झाला. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी होतं. केसासारखं. की नव्हतं? होतं. की आपल्याला हवं आहे म्हणून आहे?

तिनं हैदरला बसवलं. तो बराच वेळ पाहत राहिला.

"मला दिसतंय," तो म्हणाला. "पण मला काय दिसायला पाहिजे ते माहीत आहे ताई. माझी गवाही कच्ची."

"माझी पण."

दोघांनी एकाच वेळी टाकीच्या पलीकडं पाहिलं. काय दिसणार ते माहीत नसलेली, आणि डोळे सुईच्या नेढ्यात जाणारे, अशी त्या गच्चीवर एकच बाई होती.

सुलेखा वच्छलाबाईंजवळ जाऊन बसली. "काकू, एक काम आहे. तुमची नजर पाहिजे."

"नळीचं असेल तर नाय."

"नळीचंच आहे. ऐका तर. मी शनीकडं तोंड करून बसले होते का?"

वच्छलाबाईंनी आठवून पाहिलं. "नाय. तुमचं तोंड तर शिवमच्या पोटाकडं होतं."

"तसंच असतं. ह्या नळीत बाजूनंच बघायचं असतं. शनी जातो तळाच्या आरशात, तिथून छोट्या आरशात, आणि तिथून कुशीच्या भोकात. समोरासमोर यायचं कामच नाही."

वच्छलाबाई उठल्या. दुर्बिणीपाशी आल्या, नळी कुठं बघते ते पाहिलं, भोक कुठं आहे ते पाहिलं, मधे हात धरून कोन मोजल्यासारखं केलं. "म्हंजी देवळात उभं राहतो तसंच की."

"तसंच."

"अन् पोरं मघाशी म्हणत होती, त्याचं कडं नाय?"

"कुणाला दिसलं नाही अजून."

"कडं काढून बसलाय?" वच्छलाबाईंच्या आवाजात पहिल्यांदाच उत्सुकता आली. "पैलवान कडं काढतो ते कुस्ती सोडल्यावर. बघू."

त्या स्टुलावर बसल्या. पदर डोक्यावरून पुढं घेतला, तो ओढणीपेक्षा कितीतरी कामाचा. आत पुरता अंधार झाला. सुलेखानं शनी मधोमध आणून दिला आणि मागं सरली. सांगितलं काहीच नाही. हैदरनंही ओठ मिटून घेतले.

पदराआड त्यांनी एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला. मग आतून आवाज आला, गोधडीचा टाका मोजताना यायचा तसा, सावकाश.

"मणी हाय. पिवळा. हालतोय... आता थांबला." पदर आणखी पुढं ओढला गेला. "मण्यातनं सुई गेलीय."

सुलेखानं विचारलं, आवाज शक्य तेवढा साधा ठेवून, "कोणत्या बाजूला?"

"दोन्ही. आरपार. इकडून निघाली, तिकडून निघाली. एकसारखी. अन् सुईच्या रेषेतच लांब एक दाणा पडलाय बारका, सुटल्यावाणी."

तो दाणा म्हणजे शनीचा सगळ्यात मोठा चंद्र. तो सुलेखानंही पाहिला नव्हता, आणि हैदरनंही. हैदरनं हळूच दोन्ही हात वर केले, दुकानात भाव पटल्यावर करायचा तसे. सुलेखा नळीच्या तळाशी, जिथं आरसा होता तिथं, उगाच ओढणीनं पुसत राहिली.

"शिवम," वच्छलाबाईंनी पदरातूनच हाक मारली. "तू काय बघितलं रे मघाशी? डोळा मिटून बघत होता का? आरसा जुना म्हणं. इकडं ये. अन् फोन खाली ठेव आधी, डोळ्यात तारे आणलेत त्यानं."

शिवम आला. यावेळी सुलेखानं सांगितल्यावर तो बसला, थांबला, आणि हवा निवायची वाट पाहिली. "अरे, आहे की," तो म्हणाला, आणि मग रांग दुसऱ्यांदा लागली, पहिल्यापेक्षा लांब. शाइस्ता दुधाचा डाव टाकून आली. उत्तमराव तर दोनदा रांगेत शिरले आणि दुसऱ्या वेळी मागच्या माणसाला म्हणाले, "ताटाची धार आहे ती. आमच्या घरी आधी दिसली होती."

रांगेची व्यवस्था वच्छलाबाईंनी आपल्याकडं घेतली. समोरून यायचं नाही, बाजूनं यायचं. हात लावायचा नाही. पोरांनी आधी नाक पुसायचं. मधल्या मधे त्यांनी सुलेखाला विचारलं, "आता परत कडं कधी घालणार हा?"

"हळूहळू उघडेल पुढच्या वर्षापासून. पुरतं रुंद व्हायला सात-आठ वर्षं."

"तवर माझी अडीचकी संपून जाते," वच्छलाबाई समाधानानं म्हणाल्या, आणि कठड्यापाशी जाऊन सिल्लोडला बहिणीला फोन लावला. "अगं, शनी बघितला मी. व्हय, खराखुरा. बाजूनं, समोरनं कशाला? लई बारीक झालाय गं बिचारा, सुईवाणी... तेल? तेल वाहायचंच, पण आता कमी चाललं तरी चालंल."

इकडं भिंगातून शनी सरकत सरकत काठाला गेला होता. सुलेखानं नळी बोटभर ढकलली, तो पुन्हा मधोमध आणला, सुईसकट, आणि स्टुलावरून उठून पुढच्याला जागा करून दिली.

"या," ती म्हणाली. "बाजूनं बसा, आणि घाई करू नका. तो थांबला की दिसतो."